पाठीची कैफियत

आमच्या आळीत एक गृहस्थ राहतात. तालुका कचेरीत तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी करून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते, आणि गेली सहा वर्षे त्यांची कंबर दुखते आहे ही गोष्ट दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांस तपशीलवार ठाऊक आहे. तपशील ठाऊक नव्हता तो एकाच इसमास, आणि तो इसम म्हणजे त्यांचे डॉक्टर. ज्या माणसाने आपल्या हयातीत तारीख, गट नंबर आणि साक्षीदारांच्या सह्या यांवाचून एकही कागद पुढे सरकू दिला नाही, तो दर दोन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन "काय अण्णा, कसं काय?" या प्रश्नाला "दुखतंय, चाललंय" एवढे तोंडी उत्तर देई आणि जुनीच चिठ्ठी नव्या तारखेने घेऊन घरी परते.

गेल्या श्रावणात मात्र त्यांनी धीर करून "डॉक्टर, आता जरा जोरदार गोळी द्या" अशी मागणी केली. डॉक्टरांनी चिठ्ठी हाती घेतली, काही वेळ विचार केला, दुपारची वेदनाशामक गोळी काटली, आणि खाली रात्रीच्या एका बारीकशा नव्या गोळीचे नाव लिहिले. नातवाने ते नाव मोबाइलवर शोधले, तेव्हा ती गोळी नैराश्यावर देतात असे निघाले. अण्णांच्या संतापास पारावार राहिला नाही. "माझी कंबर दुखते, डोकं नाही," असे ते तीन दिवस भेटेल त्याला सांगत होते, आणि गोळी अर्थातच पुडक्यात राहिली.

जोरदार मागितली तर कमी मिळाली, कंबरेसाठी मागितली तर मनाची मिळाली, या दोन्ही गोष्टी सकृद्दर्शनी विपरीत दिसतात खऱ्या; परंतु वेदना शरीरातून कशी प्रवास करते आणि गोळी तिला नेमकी कोठे गाठते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे त्यांतील विपरीतपणा बराचसा ओसरतो, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगावयाचे हेही उमगू लागते.

घंटा, दोर आणि देवडी

सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने वेदनेस घंटेच्या दोराची उपमा दिली होती. पायाला चटका बसला की दोर खालून ओढला जातो आणि वर मेंदूत घंटा वाजते; हिसका जितका मोठा तितका नाद मोठा. हा दृष्टांत इतका सुबोध आहे की शास्त्रज्ञांनी तो कधीच मागे टाकला असला तरी आपण सारे मनातून आजही त्याच्याच आधाराने बोलत असतो. जास्त दुखते त्या अर्थी आत जास्त बिघडले असले पाहिजे, आणि जास्त बिघडले त्या अर्थी जास्त औषध पाहिजे, ही अण्णांची विचारसरणी सरळ त्या दोरावरून उतरलेली होती.

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा संशोधकांनी निराळे चित्र मांडले. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोरखंडात, प्रवेशापाशीच एक दार असून ते वेदनेचा संदेश कधी मोकळेपणी आत सोडते, कधी अडवून धरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जुन्या वाड्याची देवडी डोळ्यांपुढे आणावी. देवडीवरचा पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकास आत सोडत नाही. तो बाहेरची गर्दी पाहतो आणि आतून आलेला हुकूमही ऐकतो. ठेच लागल्याबरोबर आपण अंगठा चोळतो, त्याचे मर्म येथे आहे. स्पर्शाचा संदेश जाड तंतूंतून त्वरेने देवडीवर पोचतो आणि पहारेकऱ्याला गुंतवून ठेवतो, तेवढ्यात वेदनेची वाट अरुंद होते. या सिद्धान्ताच्या तपशिलांत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु संदेश वाटेतच लहानमोठा होत असतो, हा त्याचा गाभा टिकून आहे.

आतून येणारा हुकूम मेंदूच्या बुंध्यापासून खाली उतरणाऱ्या तंतूंवाटे येतो. हे तंतू देवडीवर नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन ही दोन रसायने सोडतात, पहारेकरी दार ओढून घेतो, आणि काम झाले की ती रसायने पुन्हा गोळा करून नेली जातात. नैराश्यावरील काही औषधे करतात ते एवढेच, की ही गोळा करण्याची क्रिया मंदावून हुकूम देवडीवर अधिक वेळ रेंगाळू देतात. अण्णांच्या चिठ्ठीवरील बारीक गोळी अॅमिट्रिप्टिलिनची होती, दहा मिलिग्रॅमची. नैराश्यासाठी याच औषधाची मात्रा सामान्यतः त्याच्या सातपट किंवा त्याहून अधिक लागते. म्हणजे ती गोळी अण्णांच्या मनाविषयी काहीही शेरा मारीत नव्हती. त्यांच्या देवडीवरील पहारा वाढवण्याचा तो प्रयत्न होता. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत सांगितले असते तर तीन दिवसांचा संताप वाचला असता, हे मात्र मला डॉक्टरांच्या पदरी टाकलेच पाहिजे. गुण सर्वांनाच येतो असे नाही, आणि येतो तोही माफक असतो. शिवाय उतारवयात या औषधाने तोंड कोरडे पडणे, झोप लांबणे, तोल जाणे, प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडणे असे प्रकार होऊ शकतात, तेव्हा रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते ही गोष्ट कंबरेच्या डॉक्टरलाही सांगावयाची असते.

दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले की वैद्यकशास्त्र त्यास जुनाट वेदना म्हणते, आणि ही मुदत केवळ कॅलेंडरची नाही. सतत संदेश येत राहिल्याने मज्जारज्जूतील पेशीच हळव्या होतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा पहारेकरी मग साध्या वाकण्यालाही दरोडा समजून आरोळी ठोकतो. यामुळेच एमआरआयच्या चित्रावरून गोळीची मात्रा ठरवता येत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा लोकांची चित्रे तपासली असता पन्नाशीच्या सुमारास शंभरांतील ऐंशी जणांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या आढळल्या. ज्याचे दुखत नाही त्याचीही गादी झिजलेली, आणि ज्याचे दुखते त्याचीही. चित्र कंबरेचे असते, वेदनेचे नव्हे.

एकाच शिक्क्याचा हुकूम

आता काटलेल्या गोळीकडे वळू. अॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सारी अॅस्पिरिनच्या गोत्रातील मंडळी. इजा झालेल्या जागी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. ती स्वतः वेदना नव्हेत, परंतु विस्तवावर फुंकर घालावी तशी ती तेथील मज्जातंतूंची टोके तापवून ठेवतात. अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. तरी ते करते काय, याचा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ साली केला, आणि त्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराचेच, म्हणजे ते रसायन घडवून आणणाऱ्या प्रथिनाचेच, हात बांधतात.

अडचण अशी की तोच कारखाना इतरत्र उपयोगाची कामे करीत असतो. जठरात त्याच्या मालाने आतल्या अस्तरावर संरक्षक थर राहतो. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या नलिका मोकळ्या राहतात. गोळीस कंबर ओळखता येत नाही. कचेरीतून एकाच शिक्क्याचा हुकूम सुटावा आणि तो महसूल, पाटबंधारे व आरोग्य अशा तिन्ही खात्यांत एकाच दिवशी अमलात यावा, तसे हे आहे. पोटातली जळजळ ही गोळीची चूक नसून तिने आपले काम दुसऱ्या खात्यात चोख बजावल्याचा पुरावा आहे. जठराला जपणारी सुधारित औषधे पुढे निघाली, पण त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली उत्पादकाला जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी, आपल्या आकाशातून गिधाडे का नाहीशी होत आहेत या कोड्याचे उत्तरही याच कुळात सापडले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाडाचे मूत्रपिंड आणि माणसाचे मूत्रपिंड यांत महदंतर आहे, आणि वाचकाने भिऊन आपली गोळी खिडकीबाहेर फेकावी असा माझा हेतू नाही. पण हे औषध कोणत्या खात्याशी जाऊन भिडते, ते त्या पक्ष्यांनी फार मोठी किंमत देऊन आपणास दाखवले.

अण्णांच्या बाबतीत नेमका येथेच घोटाळा होता. रक्तदाबासाठी ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जात, आणि त्यांनी दिलेल्या एका गोळीत टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारे औषध अशी दोन्ही होती. मूत्रपिंडातील प्रत्येक गाळणीस शेतातील वाफ्याप्रमाणे पाणी येण्याचे एक दार आणि जाण्याचे एक दार असते, अशी कल्पना करावी. वेदनाशामक गोळी येण्याचे दार आवळते. टेल्मिसार्टन जाण्याचे दार सैल करते. आणि लघवीचे औषध पाटातील पाणीच कमी करते. तिन्ही एकटी असताना निभावतात, परंतु उन्हाळ्यात जुलाब झाले, पाणी कमी पडले, की वाफा कोरडा पडू लागतो. त्यातच ही वेदनाशामके रक्तदाबही थोडा चढवतात, म्हणजे एका डॉक्टरची गोळी दुसऱ्याच्या गोळीचे काम हाणून पाडीत असते. कंबरेच्या डॉक्टरांना रक्तदाबाचे ठाऊक नव्हते, रक्तदाबाच्या डॉक्टरांना कंबरेचे. दोन्ही दप्तरे ज्याच्या घरी होती, त्याला कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

भरलेला रांजण

मात्रा वाढवण्याची मागणी डॉक्टर सहसा का टाळतात, याचे कारण त्यांचा कंजूषपणा नव्हे. रांजण काठोकाठ भरल्यावर ओतलेले पाणी अंगणातच जाते. आयबुप्रोफेनची वेदनाशामक शक्ती एका वेळी साधारण ४०० मिलिग्रॅमपाशी शिगेस पोचते. त्यापुढे आराम फारसा वाढत नाही, परंतु जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांच्या नावे खर्च मात्र पडतच राहतो. शिवाय आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे गुंफण्याचा शिरस्ता आहे. अॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ आणि सोबत स्नायू सैल करणारे एखादे, अशी पट्टी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहज मिळते. तीवर छापलेली उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय विकू नये असे सांगत असते, ती वाचतो कोण! अशा गोळीचा माणूस सर्दीसाठी आणखी एक पॅरासिटामॉलची गोळी घेतो, ताप आला की तिसरी, आणि यकृतावर येणाऱ्या एकूण भाराची बेरीज कोणीच करीत नाही. सशक्त प्रौढासही दिवसाकाठी चार ग्रॅमची मर्यादा आहे, आणि मद्यपानाची सवय असल्यास ती आणखी खाली येते.

वाईट दिवसाची साक्ष

एक गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत मनोरंजक वाटते. जुनाट कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी चढते-उतरते, आणि मनुष्य डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या दिवशी. भरतीनंतर ओहोटी येणारच. तेव्हा त्या दिवशी मात्रा वाढवा, कमी करा, गोळी बदला किंवा नुसते काढ्याचे पाणी द्या, पुढील आठवड्यात थोडे बरे वाटण्याची शक्यता मोठी असते. श्रेय मात्र नव्या गोळीला मिळते आणि ती चिठ्ठीवर कायमची ठाण मांडते. ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० ताज्या कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरासिटामॉल नियमित घेणारे मध्यमानाने १७ दिवसांत बरे झाले, गरजेपुरते घेणारेही १७ दिवसांत, आणि औषधाचे नावही नसलेली पोकळ गोळी घेणारे १६ दिवसांत. बरे झालेल्या प्रत्येकाने आपापल्या गोळीचे आभार मानले असतील यात मला शंका नाही.

म्हणून एका दिवसाच्या जबानीवर निवाडा होऊ नये. दोन आठवड्यांची रोजकीर्द हवी. आणि ती कागदावरच हवी, कारण तोंडी सांगण्यास वेळ मिळेल याचा भरवसा नाही. १९८४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा रुग्णाने गाऱ्हाणे सुरू केल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टरांनी त्यास मध्येच तोडल्याचे आढळले. आपल्या दवाखान्यात बाकावर चाळीस माणसे खोळंबलेली असताना अठरा सेकंद म्हणजे उदारपणाच म्हणावयाचा.

रोजकीर्दीत "फार दुखले" असे लिहून उपयोग नाही. त्यातून डॉक्टरला काही मोजता येत नाही. शून्य ते दहा या मापात वेदनेचा आकडा लिहावा, आणि त्याशेजारी त्या दिवशी काय करता आले ते लिहावे. संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन आलो, वाटेत एकदा बसलो. पोथी वाचायला पाटावर वीस मिनिटे बसता आले. रात्री दोनदा जाग आली. आकडा दोनाने, किंवा साधारण तीस टक्क्यांनी उतरला, तर रुग्णास फरक खरोखर जाणवतो असे पाहणीत दिसून आले आहे. गोळी घेऊन आकडा सातावरून साडेसहावर आला आणि देवळापर्यंतचे चालणे होते तेवढेच राहिले, तर तिने कमावले काय, हा प्रश्न डॉक्टरने विचारण्यापूर्वी रुग्णानेच विचारावा.

चौकट: डॉक्टरांपुढे ठेवावयाचा कागद

• सर्व डॉक्टरांच्या सर्व गोळ्या, आपण होऊन आणलेल्या, आयुर्वेदिक आणि चोळण्याच्या मलमांसह. नावे आठवत नसतील तर रिकाम्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात.
• चौदा दिवसांची वेळवार नोंद: गोळी, वेदनेचा आकडा, चालणे-बसणे, झोप.
• गोळीनंतर जाणवलेले त्रास. मलावरोध, काळी शौच, पायांवर सूज, घेरी, दिवसा पेंग.
• एकच मागणी, कामाच्या भाषेत: "मला अर्धा तास बसता यावं."
• नोंदवहीची वाट पाहू नये अशा गोष्टी: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता, पायातील जोर कमी होणे, तसेच पाठदुखीबरोबर ताप किंवा घटणारे वजन, कारण मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. पहिल्या तिहींसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कमी करण्याची रीत

औषध चढवण्यास जशी मुदत लागते तशी उतरवण्यासही. अॅमिट्रिप्टिलिनसारख्या औषधाचा त्रास पहिल्या दिवसापासून जाणवतो, गुण येण्यास मात्र काही आठवडे जावे लागतात. तिसऱ्या दिवशी त्यास नालायक ठरवणारा मनुष्य शिक्षा आधी देऊन चौकशी नंतर करीत असतो. उलट प्रिगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, ट्रामाडॉल यांसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यावर एका झटक्यात बंद करणे धोक्याचे. जुवाच्या एका बाजूचा बैल चालता चालता सोडून दिला तर दुसरा बैल कोलमडतो, तसे औषधाच्या भरवशावर जुळवून घेतलेले मज्जातंतू बिथरतात. घाम, अस्वस्थता, घेरी, झोप उडणे आणि पुन्हा वेदना! ही वेदना पाहून "गोळीवाचून चालत नाही" असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. काही दिवसांनी ती ओसरते की राहते, हे पाहिल्यावरच तिचा अर्थ लावावा.

ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातील औषध २०१८ पासून भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. जोरदार औषध म्हणून रुग्णांच्या डोळ्यांपुढे बहुधा याच वर्गाचे असते, म्हणून सांगतो. कंबर, गुडघा किंवा खुबा यांच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांना वर्षभर अफूवर्गीय किंवा साधी औषधे देऊन अमेरिकेत जी तुलना केली, तिचा निकालही २०१८ मध्येच आला. हिंडण्या-फिरण्यात दोन्ही गट सारखेच निघाले, आणि वेदना अफूवर्गीय गटात किंचित जास्तच राहिली.

अण्णांनी शेवटी रोजकीर्द लिहिली. कचेरीतील जुन्या नोंदवहीची कोरी पाने त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी फूटपट्टीने सात रकाने आखले, आणि शेवटच्या रकान्यावर सवयीने "शेरा" असे लिहिले. डॉक्टरांनी ते पान उलटसुलट पाहिले. बोट एका ओळीवर थांबले.

"अण्णा, या चार दिवशी तुम्ही दुखण्याची सकाळची गोळी घेतलीच नाही?"

"संपली होती. केमिस्ट गावाला गेला होता."

"आणि त्याच चार दिवशी तुम्ही देवळापर्यंत जाऊन आलात. हे बीपीच्या गोळीचं मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही."

डॉक्टर हसले. चार दिवसांवरून निकाल लागत नाही, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. मूत्रपिंडांची हालहवाल कळावी म्हणून रक्तातील क्रिएटिनिन, आणि रक्तदाब तपासण्यास लिहिले. सकाळची गोळी महिनाभर थांबवली, रात्रीची बारीक गोळी कशासाठी आहे ते कागदावर देवडीचे चित्र काढून समजावले, आणि ती आठ वाजताच घ्यावी म्हणजे सकाळी डोके जड राहणार नाही, असे सुचवले. मग नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी "पाहिले" असे लिहून सही केली.

अण्णा दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"डॉक्टर," ते वही पुढे करीत म्हणाले, "सहीखाली तारीख राहिली."